बैल निरंक

रंगनाथ मास्तरांनी आधी पोस्टकार्ड टाकलं आणि मग विचार केला. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने खरं तर हा क्रम ठेवायला नको होता. पण कार्ड मेहुण्याला लिहिलेलं होतं, आणि मेहुण्याला लिहिताना भल्याभल्यांचं विज्ञान सुटतं. कार्डावर दोनच ओळी होत्या. "धोंड्याच्या जेवणाचे आमंत्रण पोचले. वाहन पाठवू नये, आम्ही उभयता स्वतःच्या वाहनाने येऊ." 'स्वतःच्या' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. दुसरी मारताना कार्ड फाटता फाटता राहिलं.

या दोन रेघांमागे तीन वर्षांची आग होती. मागच्या अधिक महिन्यात, म्हणजे मागच्या धोंड्याला, मास्तर आणि कमलबाई लिंबाळ्याला निघाले आणि यष्टी आलीच नाही. दोन तास वाट पाहिल्यावर सिमेंट घेऊन चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोघांना ट्रॉलीतल्या पोत्यांवर बसवून घेतलं. सासरच्या दारात उतरले तेव्हा दोघांच्या पापण्यासुद्धा करड्या झाल्या होत्या. कमलबाईंचे थोरले भाऊ आबासाहेब, ज्यांच्याकडे ओलिताची जमीन होती आणि दारात जीप होती, ते पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीवरून म्हणाले, "आई, दाजी आले का सिमिटाची आर्डर आली, बघ बरं." सगळी ओसरी हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण एकट्या माणसाच्या न हसण्याला ओसरीवर कोण विचारतो?

तेव्हापासून दर सणाला न मागता जीप यायची आणि जीपबरोबर ते वाक्य यायचं. मास्तर जीपमध्ये मागे बसायचे आणि पुढे बसलेले आबासाहेब वाटेत भेटेल त्याला सिमेंटची गोष्ट सांगायचे. तीन वर्षं ऐकून मास्तरांना ती पाठ झाली होती, आणि आबासाहेब दरवेळी तिच्यात एक पोतं वाढवतात हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता हे 'स्वतःचं वाहन' म्हणजे काय, ते सांगायला हवं. मास्तरांकडे एक सायकल होती आणि ती बॅटरीवर पळायची. गावात चंद्रभान नावाचा मोटारी भरणारा होता. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानात भंगार ट्रॅक्टरचा एक डायनमो पडून होता. डायनमो फिरवला की तो करंट देतो, तर मग करंट दिल्यावर तो फिरलाच पाहिजे, असं मास्तरांनी मांडलं. चंद्रभानने मान हलवली आणि पंधरा दिवसांनी तो डायनमो सायकलीच्या मागच्या टायरला रबर घासून चाक फिरवायला लागला. बॅटरी ट्रॅक्टरचीच, कॅरिअरवर दोरीने आवळलेली. आवाज पिठाच्या गिरणीचा होता, पण मास्तर पायडल न मारता शाळेत पोचायचे. एक दोष होता. खड्डा आला की बॅटरीतलं तेजाब उसळायचं, आणि महिन्याभरात मास्तरांच्या तीन विजारींच्या बैठकीची चाळण झाली.

"सोताचं वाहान म्हंजी ही गिरनी?" कार्डाची बातमी ऐकून कमलबाई म्हणाल्या. बातमी त्यांना मास्तरांकडून कळली नव्हती. पोस्टमन कार्ड वाचूनच पिशवीत टाकायचा आणि गाव पोस्टमनकडून ऐकायचं. "आन् मी कुटं बसू? बॅटरीच्या मांडीवर?"

प्रश्न बिनतोड होता. लिंबाळा सात कोस, मध्ये ताडकळसचा बाजार. बरोबर ट्रंक, वळकटी, घागर आणि तुरीच्या डाळीची पिशवी. मास्तरांनी रात्रभर विचार केला नाही, चहा संपेपर्यंतच केला. सायकलीमागे गाडा जोडायचा.

गाड्याला सांगाडा म्हणून घरातली लोखंडी खाट ठरली. ही खाट लग्नात कमलबाईंच्या माहेरून आलेली होती.

"माझ्या बापानं दिलेली खाट हाय ती," कमलबाई म्हणाल्या.

"बापाच्याच घरी चाललीय की ती," मास्तर म्हणाले.

गाडा करायचं काम वैजीनाथ सुताराकडे गेलं. वैजीनाथाने पन्नासेक बैलगाड्या केल्या होत्या आणि आयुष्यात जे जे ओढलं जाताना पाहिलं ते मानेने ओढलेलं पाहिलं होतं. त्याने खाटेला दोन जुनी सायकलची चाकं लावली, दोन दांड्या मास्तरांच्या दोन्ही अंगांनी पुढे काढल्या आणि जू बांधावं तशा हँडलला करकचून आवळल्या. मास्तरांनी शंका काढली तेव्हा त्याने हँडलवर हात ठेवून विचारलं, "सायकलीची मान हीच ना? मग?"

हा गाडा सरळ जायला फार चांगला होता. गल्ली मात्र सटवाजीच्या घरापाशी वळत होती. मास्तरांनी हँडल वळवायचा प्रयत्न केला, पण दोन दांड्यांत धरलेलं हँडल ढिम्म हललं नाही, आणि विज्ञानाचे शिक्षक खाटेसह सटवाजीच्या कडब्याच्या गंजीत शिरले. सटवाजी हा शेजारचा म्हातारा शेतकरी. त्याने आधी गंजीला काही झालं नाही हे पाहिलं, मग मास्तरांना काही झालं नाही हे पाहिलं, आणि म्हणाला, "मास्तर, बैलाला कासरा आसतो. ह्याला काय ठिवलाव तुमी?"

दुसऱ्या खेपेला एकच दांडी ठेवली आणि ती सीटखाली बोल्टाने जोडली. आता सायकल वळत होती. मास्तरांना उत्साह आला आणि त्यांनी विजारींचा प्रश्नही त्याच फटक्यात सोडवायचं ठरवलं. बॅटरी कॅरिअरवरून काढून गाड्याच्या पार शेवटच्या टोकाला ठेवली, बैठकीपासून जितकी लांब तितकी बरी. तिथून लांबलचक तार पुढे आणली. ट्रंक बॅटरीला टेकवून ठेवली, डाळ ट्रंकेवर. गल्ली जमली. मास्तर सीटवर बसले, बटण दाबलं.

डायनमो घरघरला, मागचं चाक जोरात फिरलं आणि सायकल जागची हलली नाही. मास्तरांनी पुन्हा दाबलं. चाक आणखी जोरात फिरलं. मास्तरांचा चेहरा प्रवासाला निघालेल्या माणसाचा होता आणि शेजारचं घर होतं तिथेच होतं.

"उलाळ हाय," सटवाजी म्हणाला.

मागे वजन जास्त झालं की बैलगाडीची दांडी वर उचलली जाते. याला गाडी उलाळ होणं म्हणतात, आणि ते त्या भागातल्या अंगठा चोखणाऱ्या पोरालाही कळतं. मास्तर बी.एस्सी. असल्यामुळे त्यांना खाली वाकून बघावं लागलं. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं.

"उलाळ गाडीला एकच दवा," सटवाजी शांतपणे म्हणाला. "दांडीपाशी मानूस बसवायचा. चांगला भरीव."

सगळ्यांचं लक्ष हळूहळू दारात उभ्या असलेल्या कमलबाईंकडे गेलं. कमलबाई अंगाने भरलेल्या आहेत हे गावाला ठाऊक होतं, पण त्याचा असा उपयोग आजवर कोणी सुचवला नव्हता.

"मी काय तराजूतला धोंडा हाय का?" एवढंच बोलून कमलबाई आत गेल्या. दोन दिवस घरात फक्त पिठलं झालं. मास्तरांनी ते मुकाट खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना कमलबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बसते मी. पन तोंड पुढं करून. मागं तोंड करून माहेरात शिरनार न्हाई." मास्तर काही बोलणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "तुमालाच हसले व्हते का त्या दिवशी? पापन्या माज्याबी करड्याच व्हत्या." तीन वर्षं तो अपमान आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे असं मास्तर समजत होते.

आता उरला कागद. जीपला कागद असतात. आबासाहेब ते डॅशबोर्डात ठेवतात आणि काढून दाखवतात. आपल्या वाहनालाही शिक्क्याचा कागद हवा, हे मास्तरांच्या मनाने घेतलं आणि ते ग्रामसेवक बन्सीधर भाऊसाहेबांकडे गेले. (गावाचं नाव मी सांगत नाही, कारण भाऊसाहेबांना पेन्शन चालू आहे.)

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. "चाकं किती?"

"चार."

"मग सायकल न्हाई. सायकलीला दोन. वडतंय कोन?"

"बॅटरी."

"मग यांत्रिक झालं. यांत्रिक आपल्याकडं येत न्हाई. परभनीला जावा."

मास्तर रजा टाकून परभणीला गेले. कचेरीच्या भिंतीवर नामांतराची घोषणा होती, तिच्यावर निवडणुकीची, आणि तिच्यावर सरकी बियाण्याची जाहिरात; रांग एवढी लांब होती की मास्तरांनी तिन्ही पुरत्या वाचून काढल्या. खिडकीतल्या कारकुनाने इंजिन नंबर विचारला. मास्तर म्हणाले, इंजिन नाही. चेसिस नंबर विचारला. मास्तर म्हणाले, खाट आहे. कारकुनाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि खाटांची नोंद आपल्याकडे होत नाही असं सभ्यपणे सांगितलं.

मास्तर परत भाऊसाहेबांसमोर येऊन बसले आणि उठेनात. शाळा सुटली, दिवाबत्तीची वेळ झाली, भाऊसाहेबांची शेवटची यष्टी यायला आली. "मला दुसरं काही नको," मास्तर म्हणत होते, "हे वाहन आहे, एवढं लिहा." शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "बैलगाडीत बसवतो. दुसरा इलाज न्हाई." बैलगाडीच्या पावतीवर 'बैलांची संख्या' असा रकाना असतो आणि सरकारी रकाना मोकळा सोडता येत नाही. भाऊसाहेबांनी टाक कानावर ठेवून विचार केला आणि लिहिलं, 'निरंक'. मग शिक्का मारला.

मास्तर पावती घेऊन कंदिलापाशी बसले. वाहनाचा प्रकार: बैलगाडी. बैल: निरंक. आधी त्यांना अपमान वाटला. मग त्यांनी पहिले दोन शब्द पुन्हा वाचले. 'वाहनाचा प्रकार.' छापील होते, सरकारी छापखान्यातले. ते वाहन होतं. त्या रात्री मास्तर चटईवर शांत झोपले, कारण खाट बाहेर होती.

निघायचा दिवस नेमका ताडकळसच्या बाजाराचा आला. वैशाखाचं ऊन सकाळीच तापलं होतं. कमलबाई घडी घातलेल्या वळकटीवर, दांडीला लागून, तोंड पुढे करून, छत्री उघडून बसल्या. मागचं चाक जमिनीला टेकलं. बटण दाबलं आणि गाडा खरोखर चालू लागला. गल्लीतल्या लोकांची थोडी निराशाच झाली. मास्तरांनी एकदाच मागे वळून पाहिलं, तेही कमलबाईंनी, "म्होरं बघा, म्हैस हाय," असं सांगेपर्यंतच.

ताडकळसपर्यंत सगळं ठीक झालं. बाजाराच्या तोंडाशी मात्र पावत्या फाडणारा माणूस दोरी धरून उभा होता. मास्तरांनी ऐटीत कागद काढून दिला. त्याने तो मोठ्याने वाचला, कारण त्याला वाचता येतं हे दाखवायची संधी आठवड्यातून एकदाच मिळायची. "बैलगाडी एक. बैल निरंक." त्याने गाड्याखाली वाकून पाहिलं. "बैल कुटायत?"

"नाहीत."

"इकले का?"

"मुळातच नाहीत. हे वाहन आहे."

पण 'इकले' हा शब्द बाजारात सुटला होता. तो ज्वारीच्या ओळीतून बांगड्यांच्या ओळीत गेला आणि परत येईपर्यंत मास्तरांनी दोन्ही बैल विकले होते. एका शेतकऱ्याने येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवस वाईट येत्यात मास्तर. पन बाईमानसाला चालवलं न्हाई, गाडीत बसवून सोता वडायलाव. लय मोठं काळीज हाय." मास्तरांनी त्याला डायनमो दाखवला. तो डायनमोकडे बघून आणखी हळहळला. एका म्हातारीने कमलबाईंच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. "वाहन आहे हो हे, वाहन," असं सांगत मास्तर बाजाराच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडले. कान लाल झाले होते, पण हँडल सरळ होतं.

लिंबाळा दीड कोस राहिला आणि गिरणीचा आवाज बसत गेला. मग थांबला. बॅटरी संपली होती. मास्तरांनी पायडलवर उभं राहून जोर लावला; गाडा दहा हात गेला आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मी उतरते," कमलबाई म्हणाल्या आणि उतरल्या. लगेच दांडी वर गेली, मागचं चाक अधांतरी आणि मास्तर सायकलसकट चार बोटं उंच. त्या परत बसल्या. चाक टेकलं, पण ओढवेना. उतरल्या, चाक वर. उन्हात हे तीनदा झालं. मग कमलबाईंनी छत्री मिटली, मागे जाऊन संपलेली बॅटरी दोन्ही हातांनी उचलली आणि आपण बसायचो त्या जागी आणून ठेवली. चाक टेकलं ते टेकलंच.



"हे आधीच पुढं ठिवलं आसतं तर?" कमलबाईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजपर्यंत दिलेलं नाही.

मास्तर पायडल मारत होते आणि कमलबाई मागून ढकलत होत्या, तेव्हा समोरून जीप आली. बाजारातून परतणाऱ्यांनी लिंबाळ्यात बातमी पोचवली होती. आबासाहेब खाली उतरले. त्यांनी घामाने निथळणारे दाजी पाहिले, ढकलणारी बहीण पाहिली, आणि मग त्यांची नजर गाड्यावर थांबली. "ही आपली खाट न्हाई का?"

"आमची," कमलबाई म्हणाल्या.

"बरं ऱ्हाऊ दे. बसा जीपमदी. ह्याला मागून गडी आनतेत." ते हसले. "पोस्टकार्ड बिस्टकार्ड इसरा आता दाजी. सिमिट तरी न्हाई या बारीला."

मास्तरांना धाप लागली होती; बोलायचं भरपूर होतं आणि श्वास एकही नव्हता. बोलल्या त्या कमलबाई.

"दादा, कार्डात काय लिव्हलं व्हतं?"

"वाहान पाठवू नये म्हनून."

"मग पाठीवलंस कशाला? आमचं वाहान हाय की. जरा थकलंय. तूबी थकतोस." आणि त्यांनी गाड्याला हात लावला. "चला हो."

मास्तरांनी पायडल मारलं. बाईच्या अंगात एवढी रग आहे हे त्यांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं त्यांनी टाळलं होतं, कोण जाणे. त्यांच्या पायांत मात्र आणखी अर्ध्या कोसाचं बळ आलं.

आबासाहेबांची पंचाईत झाली. पुढे निघून जावं तर लोक म्हणणार, बहिणीला रस्त्यावर ढकलत ठेवून भाऊ जीपमध्ये गेला. म्हणून त्यांनी जीप वळवली आणि ती पहिल्या गिअरमध्ये, गाड्याच्या मागे मागे, चालत्या माणसाच्या चालीने लिंबाळ्याकडे निघाली. शेतातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. बांधावरून दिसत होतं ते असं, की मास्तरांनी मागे एक जीपही बांधून आणली आहे.

जुन्या जीपला पहिला गिअर आणि वैशाख एकदम सोसत नाही. वेशीपासून दोन शेतं अलीकडे तिच्या तोंडातून वाफ निघाली आणि ती उभी राहिली. कमलबाईंनी गाड्यातली पाण्याची घागर उतरवून भावाच्या हातात दिली. "घे. ओत हळूहळू. आमी व्हतो म्होरं." आबासाहेब बॉनेट उघडून वाकले, आणि तेवढ्यात, तीन वर्षांपूर्वी जी यष्टी आलीच नव्हती ती आज वेळेवर आली. कच्च्या रस्त्यावरून तिने उडवलेला फुफाटा पूर्णपणे खाली बसेपर्यंत जीप कुठे आणि आबासाहेब कुठे हे दिसत नव्हतं.

वेशीच्या आत उतार होता. कमलबाई वळकटीवर बॅटरीला खेटून बसल्या, पदर सारखा केला, छत्री उघडली. तोंड पुढे. गाडा आपोआप सुटला. ब्रेकचा विचार या सगळ्या प्रकरणात कोणी केला नव्हता, पण आबासाहेबांच्या अंगणाला चढ होता आणि गाडा पायरीपासून हातभर अंतरावर, ठरवून आणल्यासारखा थांबला. मास्तरांनी घंटी वाजवली.

ओसरी पाहुण्यांनी भरलेली होती. कोणी काही बोलायच्या आत सासूबाई सगुणाबाई भाकरीचा तुकडा, कुंकवाचा करंडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या. त्यांनी जावयावरून तुकडा ओवाळला, लेकीवरून ओवाळला. मग थांबून सायकल पाहिली, गाडा पाहिला, नवऱ्याने हौसेने घेतलेली ती खाट ओळखली. खाटेच्या लोखंडावरून एकदा हात फिरवला. मग तुकडा सायकलीवरूनही ओवाळून टाकला, आणि कुंकवाचं बोट तिच्या पुढच्या दिव्यावर टेकवलं. नव्या वाहनाला टेकवतात तसंच.

मास्तरांचा हात पावतीसाठी खिशाकडे गेला होता. तो तिथूनच परत आला. कागद कोणी मागितलाच नाही.

तेवढ्यात आबासाहेब रिकामी घागर घेऊन चालत अंगणात आले. टोपीपासून वहाणांपर्यंत एकच रंग होता. पापण्यासुद्धा करड्या झाल्या होत्या. सगुणाबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी साधेपणाने विचारलं, "आबा, सिमिट घेऊन आलास व्हय?"

ओसरी हसली. मास्तर हसले नाहीत. तीन वर्षं त्यांनी या हसण्याची वाट पाहिली होती, आणि आता करड्या पापण्यांचा माणूस समोर उभा राहिल्यावर त्यांना हसू आलं नाही. कमलबाईंनी तांब्या घेऊन भावाच्या पायांवर पाणी ओतलं. "बस दादा," त्या म्हणाल्या, "उन्हाचं लय चालवलं तुला." आबासाहेबांनी मान खाली घालून पाय धुऊन घेतले. सिमेंटची गोष्ट त्यानंतर लिंबाळ्यात कोणी सांगितली नाही.

धोंड्याचं जेवण झालं, तबकात दिवा ठेवून तेहतीस अनारसे मिळाले, आणि विजारीचं कापड मिळालं, जे फारच वेळेवर आलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून निघताना मास्तरांनी ती आपणहून दांडीपाशी ठेवली आणि अनारसे, तबक, ट्रंक मागे टाकून तोल नीट जमवला. आता पुढे वजन लागत नव्हतं. कमलबाईंनी मागची ऐसपैस जागा पाहिली, जीपपाशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, आणि बॅटरी थोडी बाजूला सरकवून पुढेच बसल्या.